कळीचा चुना आणि सासऱ्यांचे डोळे

जर्मनीत बॉबलिंगेनला आम्ही भाड्याने बाग घेतली होती. त्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी १४३ गोगलगायी कात्रीने कापल्या. बिनकवचाच्या, बोटाएवढ्या जाड. दुसऱ्या संध्याकाळी ११८. तरी चोवीस कोबींपैकी नऊच उरले.

माझ्याकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात उपाय होता: ताजा कळीचा चुना कुटून पहाटे कोरडाच भुरभुरावा, गोगलगायी फेसाळून मरतात.

पुण्याहून लेकीकडे आलेले सासरे तंबाखू खाणारे, चुन्याला न बिचकणारे. म्हणाले, "कोरडा कशाला? भिजवा आणि निवळी ओता. दिवाळीच्या सफेदीला आम्ही पिंपभर भिजवायचो."

मला पटलं. दहा लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये मी दोन किलो चुना टाकला, वर चार लिटर पाणी. शेजारची मुलं हात घालतील म्हणून झाकण घट्ट फिरवलं. सफेदीचं पिंप उघडं असतं, हे दोघांनाही सुचलं नाही.

कॅन फुगला. सासरे बघायला वाकले आणि तो फुटला. उकळता चुना थेट त्यांच्या तोंडावर.

त्यांची किंकाळी ऐकून शेजारच्या बागेतली जर्मन म्हातारी पाण्याचा पाइप ओढत धावली. सासऱ्यांनी डोळे गच्च मिटले होते. तिने केस धरून त्यांना आडवं पाडलं आणि मला ओरडून म्हणाली, "फेस्टहाल्टन!" घट्ट धर.

मी सासऱ्यांच्या छातीवर बसलो, दंडांवर गुडघे रोवले. ज्यांच्या पाया पडायचो, त्यांना मी चिखलात दाबून ठेवलं होतं. तिने बोटांनी पापण्या फाकवल्या आणि आत धार सोडली. त्यांनी तिला लाथ मारली, माझ्या मनगटाचा चावा घेतला.

"सोडा हो, जावईबापू, मरतोय मी."

"नाही, बाबा."

"हरामखोर, सोड."

मी घड्याळ बघत होतो. पलीकडच्या बागेतून कुणीतरी फोन केला होता; अँब्युलन्स यायला एकवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही त्यांना सोडलं नाही.

नवव्या दिवशी इस्पितळात पट्ट्या काढल्या. उजव्या डोळ्याने ते तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचू शकले. डाव्याला खिडकीचा फक्त उजेड कळत होता, पुढेही तेवढाच कळला. धुतलं नसतं तर दोन्ही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. झाकण मी लावलं, हे मी सासऱ्यांना सांगितलं.

गाडीत सासरे म्हणाले, "डोळ्याचं काय ते पुण्यात सांगा. छातीवर बसलात ते नका सांगू."