सील लागायच्या आधी मासे

ईश्वर सारंग यांच्या गाळ्यात शिरलं की आधी डोळे निवायचे. बाहेर हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतली दुपार, वेल्डिंगच्या ठिणग्या, टेम्पोचे हॉर्न. आत हिरवा, हलता उजेड. भिंतीभर काचेच्या टाक्या आणि प्रत्येकीत वर वर जाणारी बुडबुड्यांची माळ. एअर पंपाची घुरघुर इतकी एकसारखी की जरा वेळाने ती ऐकूच यायची नाही, आणि आपणही कुठेतरी तळाशी बसलोय असं वाटायचं. माझा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा शेजारीच. शाई वाळेपर्यंत मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

ईश्वरभाऊ मूळचे भायखळ्याचे. लहानपणी वडील त्यांना चर्नी रोडच्या मत्स्यालयात घेऊन गेले होते, आणि निघायची वेळ झाली तरी पोरगं एका काचेसमोरून हलेना. शेवटी वडिलांनी उचलून बाहेर आणलं. "बाहेरचा रस्ता मला कोरडा वाटला रे प्रणित," ते मला सांगायचे. पुढे सगळं रीतसर झालं. बी.कॉम., शिपिंग कंपनीत हिशेबाची नोकरी, उर्मिलावहिनींशी लग्न, मिरा रोडला वन बीएचके. चाळिशी उलटल्यावर कंपनी बंद पडली, तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी हा गाळा घेतला आणि फिश टँक बनवायला लागले. काच कापताना, सिलिकॉनची रेघ ओढताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना ऐकू जात नसे. मासे ठेवायची खरं तर गरज नव्हती. टाकी गळते का हे बघायला नुसतं पाणी पुरलं असतं. पण रिकामं पाणी त्यांना बघवत नसे.

लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेल्या लोकांना मासे हवेसे झाले, तेव्हा भाऊंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग लोक कामावर जायला लागले आणि मासे विसरले. धंदा बसला. भाऊ काचवाल्याचे पैसे देत, माशांचं खाणं आणत, विजेचं बिल तर कधीच चुकवत नसत, कारण वीज गेली की पंप बंद. गाळ्याचा मालमत्ता कर मात्र राहत गेला. तो न भरल्याने आतलं काही मरत नव्हतं. नोटिसा यायच्या. भाऊ सही करून त्या घ्यायचे, आणि टाकी डगमगू नये म्हणून घडी करून तिच्या कोपऱ्याखाली सरकवायचे. घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मार्च महिन्यात पालिकेचं वसुली पथक आलं. क्षितिजा तांडेल नावाच्या तिशीतल्या बाई, सोबत दोन माणसं, त्यांच्या पिशवीत कुलूप, पांढरं कापड आणि लाख. जप्तीला शेजारचे दोन पंच लागतात, म्हणून मला बोलावलं आणि पलीकडच्या हितेशला. हितेशचा भांड्यांना पॉलिश करायचा गाळा. तो हात पुसत आला.

तांडेल मॅडमनी उभ्याउभ्याच वॉरंट वाचून दाखवलं. थकबाकी, व्याज, आधीच्या नोटिसा. भाऊ ऐकत होते, पण नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या टाकीकडे.

"काका, काही विचारायचंय?"

"सील लावल्यावर पंप चालू राहील का?"

"वीज असेल तोवर राहील. पण आत कोणाला जाता येणार नाही."

"मग यांना खायला कोण घालणार?"

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा नीट आजूबाजूला पाहिलं. एक एंजल मासा काचेपाशी येऊन थबकला होता. पाण्याचा उजेड त्यांच्या कपाळावर, हातातल्या कागदांवर हलत होता. त्यांनी आपसूक स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांच्यासोबतची माणसंसुद्धा बोलायची थांबली. किती वेळ गेला कोण जाणे.

"अरे ईश्वरभाई, अंदर सब मर जाएगा," हितेश म्हणाला, तेव्हा त्या दचकून उठल्या.

"काका, कारवाई मला थांबवता येणार नाही. सील आजच लागणार. पण यादीत मी टाक्या, काच, टेबल एवढंच लिहीन. मासे लिहिणार नाही. या लाइनीत अजून गाळे आहेत, ते करून मी परत येते. तोवर जे जिवंत आहे ते बाहेर काढा."

त्या गेल्या. भाऊ जागचे हलेनात. मीच वहिनींना फोन केला. जवळच्या शाळेत त्या ऑफिसचं काम बघतात. रिक्षाने लगेच आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

मला वाटलं आता वहिनी रडतील नाहीतर भडकतील. त्यांनी ओढणी कमरेला बांधली. "पिशव्या कुठायत?"

त्यानंतरची दुपार मला आठवते ती एखाद्या स्वप्नासारखी. भाऊ जाळीने मासे काढत होते, वहिनी पिशव्यांत हवा भरून रबर लावत होत्या. मी माझ्या बादल्या आणल्या, तर भाऊंनी वास घेऊन परत पाठवल्या. शाईने मासे जगले नसते. हितेशने पॉलिशला आलेली पातेली आणून मांडली. वेल्डिंगवाले आले, पॅकिंगच्या गाळ्यातल्या बाया आल्या. ज्याला जमेल त्याने पिशवी घेतली. भाऊ प्रत्येकाला कानात सांगितल्यासारखं सांगत होते, "पाणी एकदम बदलू नका. खाणं चिमूटभरच." आणि मग त्या रणरणत्या गल्लीतून माणसं निघाली, हात अंगापासून जरा लांब धरून, पावलं जपून टाकत. प्रत्येकाच्या हातात उन्हाने पेटलेला पाण्याचा गोळा आणि त्यात काहीतरी लाल, काहीतरी रुपेरी. टेम्पोवाल्यानेसुद्धा हॉर्न न वाजवता गाडी थांबवली.

मोठा ऑस्कर मासा मात्र पिशवीत मावेना. जवळच्या नया नगरचा साहिल केटरर पॉलिशला दिलेली आपली बिर्याणीची मोठी देग न्यायला हितेशकडे आला होता. त्याने देग बघितली, मासा बघितला.

"इसमें आ जाएगा," तो म्हणाला. "मगर पकाऊँगा नहीं, कसम से."

त्या दिवसात भाऊ तेवढंच एकदा हसले.

मॅडम परतल्या तेव्हा टाक्यांत नुसतं पाणी आणि शेवाळ. भाऊंनी स्वतःच्या हाताने पंप बंद केला. बुडबुडे एकेक करून थांबले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या गाळ्यातली शांतता पहिल्यांदा ऐकली. आम्ही पंचनाम्यावर सह्या केल्या. शटर खाली आलं, कुलपाला कापड गुंडाळलं, वितळलेली लाख त्यावर पडली. वहिनी मांडीवर इवल्या टेट्रा माशांची पिशवी घेऊन रिक्षात बसल्या, आणि शेजारी भाऊ, झोपेतून उठवलेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी वहिनीच त्यांना पालिकेच्या ऑफिसात घेऊन गेल्या. तांडेल मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, व्याजात सूट मिळण्याची योजना चालू होती ती समजावली. तरी रक्कम मोठीच होती. वाट हितेशमुळे निघाली. त्याला जागा कमी पडत होती. त्याने भाऊंचा गाळा भाड्याने मागितला आणि डिपॉझिटचा चेक आगाऊ दिला. त्यातून कर भरला गेला, सील निघालं. पण तिथे आता पॉलिशची मशीन फिरते. हिरवा उजेड गेला तो गेलाच. भाऊ महिनाभर घरातच होते. वहिनी म्हणायच्या, खिडकीशी बसतात, काय बघतात कळत नाही.

मग मासे नेलेल्यांचे फोन यायला लागले. मासा तिरका पोहतोय, पाणी पांढरं झालंय, याने खाणं सोडलंय. भाऊ पाइप आणि जाळी घेऊन जायला लागले. मासे परत द्यायचं कोणी नाव काढेना, आणि त्यांनीही मागितले नाहीत. गाळ्यातून निघालेल्या टाक्या मात्र लोकांनी त्यांच्याकडूनच विकत घेतल्या. आज हाटकेशपासून नया नगरपर्यंत कितीतरी घरी ते दर महिन्याला टाकी साफ करायला जातात, आणि त्यावर त्यांचं बरं चाललंय. पालिकेचं बिल आता वहिनी उघडतात.

परवा मी त्यांच्यासोबत साहिलकडे गेलो होतो. ऑस्कर केवढा झालाय! साहिलच्या अम्मीचे गुडघे गेलेत, त्या दिवसभर टाकीसमोरच बसून असतात. भाऊंनी दगड धुतले, अर्धं पाणी बदललं. तळाचा गाळ उठला आणि टाकीत धुकं दाटलं, मासा दिसेनासा झाला.

"कहाँ गया?" अम्मी घाबरल्या.

"आहे, आहे. बसिये," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसले. चहा आला, निवला. हळूहळू पाणी निवळत होतं.