आमची अळंबी आणि ओंडक्यावरच्या छत्र्या

मैत्रिणींनो, हातातलं काम टाकून लिहितेय, कारण आज सासूबाईंच्या एका शब्दाने माझी मान ताठ झाली.

आमच्या रामवाडीच्या घरी मागच्या न्हाणीत पेंढ्याच्या पिशव्या टांगून मी धिंगरी अळंबी घेते, हे तुम्हाला माहीत आहेच. सासूबाई मात्र तिला ‘कुत्र्याची छत्री’च म्हणायच्या. देवाधर्माच्या घरात असलं शिजत नाही म्हणून त्यांनी ती कधी चाखलीही नाही.

आज पूजा आटोपून बाहेर आले, तर शेजारची सुलभा अंगणातल्या कुजक्या ओंडक्यावरच्या पांढऱ्या छत्र्या ओटीत भरत होती.

"वहिनी, तुमचंच बी उडून आलंय. कालवण करते."

"अगो, ती माझी नाय! विषारी असली तर?"

"चांदीचं जोडवं टाकून शिजवीन. काळं नाय पडलं म्हंजे चांगली."

जोडव्याला विष कळत नाही, हे मी सांगतेय तोवर ओट्यावरून सासूबाई कडाडल्या, "टाक गो खाली! पोरांना घालशील नि रडत बसशील. आमची अळंबी न्हाणीत होते. सूनबाई, तिला त्यातली दे."

आमची!

सुलभाला मी पिशवीभर धिंगरी दिली. मग हाताला प्लास्टिक बांधून छत्र्या उपटून पुरल्या. ओंडका राहिला तर पुन्हा उगवतील, म्हणून तोही अंगणाबाहेर काढला.

दुपारी सासूबाई हळूच म्हणाल्या, "आपल्यासाठी ठेवलीस ना थोडी?"

आता सांगा, पहिल्यांदाच खाणाऱ्या माणसाला सुकी भाजी करू की वाटपाचं कालवण?