नाव सोललेल्या तबकड्या

ठेकाकाकांना गाणी आवडत नसत. गाणाऱ्याने तोंड उघडलं की ते सुई उचलून पुढे ठेवत आणि म्हणत, "ह्याचं आटपलं की सांगा." त्यांना हवा असे तो मधला तुकडा, जिथे गाणाराही गप्प बसतो, बाकीची वाद्यंही, आणि ड्रमवाला एकटाच क्षणभर वाजवून घेतो. त्याला ब्रेक म्हणतात. अमेरिकेत काही लोकांनी जुन्या गाण्यांतले असे ब्रेक वेचून त्यांच्या तबकड्या काढल्या, आणि त्या तुकड्यांवर हिप-हॉपवाल्यांनी आपली गाणी उभी केली. काका मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. बोट बंदराला लागली की बाकीचे घरच्यांसाठी अत्तरं घेत, काका तबकड्या.

कॉलेजात असताना आम्ही वाघोलीची चार टाळकी मराठीत रॅप करायचो. ठेके मिळतील म्हणून विश्रांतवाडीला त्यांच्या फ्लॅटवर गेलो, तर दारातच ऐकवलं, "चपला बाहेर. यमकंही बाहेर ठेवलीत तर बरं." पण मग दुपारभर ऐकवलं, लॅपटॉपवर उतरवूनही दिलं. आमच्या पहिल्या सगळ्या गाण्यांखाली त्यांचेच ड्रम आहेत. पुढे बाकीचे पांगले, मी खराडीत नोकरीला लागले, तरी रविवारी जात राहिले.

अमेरिकेतून त्यांनी एक खोडही आणली होती. प्रतिस्पर्ध्याला तबकडीचं नाव कळू नये म्हणून तिकडचे डीजे मधलं लेबल भिजवून काढत. काकांनीही तेच केलं. कोमट पाण्यात बोळा बुडवून मधला कागद ओला करायचा आणि अंगठ्याने सोलायचा. कव्हरं रद्दीत, तबकडी कोऱ्या खाकी पाकिटात.

"पुण्यात कोण चोरणार आहे काका?" मी विचारलं.

"कोणी नाही, हेच तर दुःख आहे."

"पण मग तुम्हाला तरी सापडणार कशी?"

"कान कशाला दिलेत? चष्मा अडकवायला?"

एक तबकडी मात्र त्यांनी मला कधीच ऐकवली नाही. तिला ते 'ती एक' म्हणत. "तुमचे कान अजून कच्चे आहेत. तयार झाले की देईन."

आणि त्यांचेच कान गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, आधी डावा, मग उजवा. मशीन लावलं तर ड्रम म्हणजे मोरीत भांडी पडल्यासारखे ऐकू येत. ते त्यांनी काढून टाकलं.

"बाकीच्या गेल्या खड्ड्यात," ते म्हणाले, "ती एक सापडली पाहिजे. तुम्हाला द्यायचीय."

मी एकेक तबकडी लावायची आणि ऐकू येईल ते पाटीवर लिहून दाखवायचं, असं ठरलं. मी लिहिलं, 'ड्रम.' त्यांनी विचारलं, "मग?" मी लिहिलं, 'ड्रमच.' आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायला घेतलं, पण स्वतःला ऐकू येत नसल्याने ठेका दर वेळी वेगळाच पडे. फोनला विचारावं तर अर्ध्या तबकड्या त्यालाही अनोळखी. शेवटी मी त्यांचा तळहात स्पीकरवर ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग काढून घेतला. "मुंग्या येतात नुसत्या," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे तबकड्यांचा विषय काढला नाही. कशाचाच काढला नाही. अंथरुणाला लागले आणि उन्हाळ्यात गेले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. कपाट उघडून दिलं. वरपासून खालपर्यंत खाकी पाकिटं.

"ती एक तुम्हालाच द्यायची, असं बजावून गेलेत," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत घोर होता हो त्यांना. तुम्ही ओळखाल ना?"

मी हो म्हणाले, आणि हाताला लागली ती उचलली.