उकड्या तांदळाची छाती

माझं पहिलं ऑपरेशन झालं ते सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. छाती इतकी जड होती की पट्ट्यांनी खांद्यांवर चर पडले होते, आणि पोळ्या लाटून झाल्या की मी पाठ धरून बसायची. मुंबईच्या डॉक्टरांनी बरंचसं काढलं आणि राहिलेलं उचलून वर बसवलं. नातेवाइकांना काय सांगायचं? आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, पाठीचं ऑपरेशन. अगदीच खोटं नव्हतं म्हणा. पण भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्या पाठीला उशी लावायची आणि टाके कुठेत म्हणून विचारायची. मी म्हणायची, आतून आहेत.

पुढची काही वर्षं सुखाची गेली. मग कावीळ झाली. वजन उतरलं ते नेमकं छातीवरून. पोट आपलं जागच्या जागी. आंघोळ करून आरशासमोर उभी राहिले की वाटायचं, उशी काढून घेतलेले दोन अभ्रे लोंबतायत. तुम्ही हसाल, पण मला रडू यायचं. आधी जड म्हणून, आता रिकामं म्हणून, माझं शरीर मला मनासारखं कधी मिळालंच नव्हतं. पन्नाशी आली होती. आता तरी मिळावं, एवढंच.

त्याच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवता येतील, पण आधीच्या चिरा आहेत, घाई करू नका. माप ठरवायचं तर पातळ कापडाच्या पिशव्यांत तांदूळ भरून ब्लाउजच्या आत ठेवा आणि थोडे दिवस घरात वावरून बघा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आधी खणायचं, मग भरायचं. रस्ता आहे का तो?" पण पिशव्यांसाठी आपलं जुनं धोतर त्यांनीच काढून दिलं.

तांदूळ भरला तो कर्नाळ्याकडच्या आमच्या गावचा, लाल उकडा. कमीजास्त करता यावा म्हणून शिवण कच्चीच ठेवली. जरा जोरात श्वास घेतला की आतून सळसळ ऐकू यायची. डॉक्टर घरात म्हणाले होते, पण मला कुठला दम निघतोय! तशीच बाजारात गेले. नेहमीची भाजीवाली म्हणाली, "ताय, तब्येत भरली हाय आता तुमची." त्या आनंदात नको असलेली वांगीसुद्धा घेऊन आले.

त्याच आठवड्यात मोठ्या नणंदेकडे नवीन पनवेलला तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. फोटो काढणार होते, म्हणून मी पिशव्यांसकट गेले. जेवायला हेही बरोबर होते. साडी अशी बसली होती की काय सांगू. ओटी भरायची माझी पाळी आली. सून पाटावर पदर पसरून बसलेली. मी ओंजळ भरून वाकले, तिच्या ओटीत पांढरे तांदूळ घातले आणि ओंजळ रिकामी झाली तरी तांदूळ पडतच राहिले. लाल. डावीकडची शिवण उसवली होती आणि माझ्या ब्लाउजखालून सरळ तिच्या ओटीत धार लागली होती.

मी दचकून मागे झाले, तर तांदूळ जमिनीवर. ओटीचा तांदूळ, त्यावर पाय कसा द्यायचा? सगळ्या बायका रेशमी साड्या सावरत खाली बसल्या आणि वेचायला लागल्या. मीही वाकले, की अजून सांडला. वेचावा तितका वाढतच होता. एक म्हातारी तर हात जोडून म्हणाली, मुलीची ओटी कशी भरून वाहतेय बघा.

नणंदेने मात्र चार दाणे उचलून बघितले, मग माझ्याकडे बघितलं. दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"आपल्या गावचा तांदूळ तुझ्या पोलक्यात काय करतोय?"

मी सगळं सांगितलं. पाठीच्या ऑपरेशनापासून. पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की पलंगावर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "दुसरीही काढ बाई, कलल्यासारखी दिसतेस."

दुसरी पिशवी काढली आणि माझ्या तोंडून आपोआप "हुश्श" निघालं. खांदे खाली आले. पिशव्या घातल्यापासून मानेत-पाठीत धरलेली कळ सुटली. आरशाच्या नादात ती मी कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही. नणंदेने पिशवी हातात घेऊन तोलली. "कुणासाठी करतेस हे?" तिने विचारलं.

"माझ्यासाठीच, वन्सं."

"मग आता हुश्श कोण म्हणालं?"

बाहेर ओटीतला तांदूळ शिजायला गेला होता. तो घरातच खायचा असतो. ह्यांनी दोनदा वाढून घेतला आणि गावच्या भाताची चव वेगळीच म्हणून सगळ्यांना सांगत बसले. मी पानावर मान खाली घालून बसले. नणंदेकडे बघायची सोय नव्हती.

परत येताना रिक्षात मी सांगितलं, ते पिशव्यांचं ऑपरेशन आता नको.

"मला वाटलं होतं तू करशील," हे म्हणाले. "परवा आरशासमोर गुणगुणत होतीस."

खरं होतं ते. मलाही तो बेत सोडताना वाईट वाटलंच, आजही कधी कधी वाटतं. पण त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी उताणी झोपले, आणि सकाळी उठताना पाठीला हात लावावा लागला नाही.