जिभेखालची गोळी

“रोज घेता ना गोळी? उपाशीपोटी?” डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवरून मान वर करून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधीच शेजारून सासूबाई बोलल्या, “मी स्वतः हातावर देते डॉक्टर. माझ्यासमोर घेते ती. एक दिवस चुकलेली नाही.”

रिपोर्टवर टीएसएच बासष्ट होतं. टीएसएच म्हणजे मेंदूनं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी काम करेनाशी झाली की हाक वाढत जाते. मूल हवं असेल तर हा आकडा अडीचच्या आसपास असावा लागतो. माझा बासष्ट. याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. चेहरा सुजतो, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळी लांबते आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी डोंबिवलीच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. थायरॉइडची, म्हणजे पुस्तकातल्या अवटू ग्रंथीची, आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते. म्हणून तर हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

“मागच्या वेळी डोस दुप्पट केला, तरी आकडा वाढलाच,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे गोळी आतड्यात शोषली जात नसणार. एंडोस्कोपी करू. तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघतात.”

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टेबलाखाली माझा हात धरला. त्यांना वाटलं मी दुर्बिणीला घाबरले. शोषली जायला गोळी आधी पोटात तर जायला हवी! सहा महिने मी ती थुंकत होते.

कशी, ते सांगते. आईंना शुगर आहे. सकाळी उठलं की त्या एका वाटीत दोन गोळ्या काढायच्या, एक त्यांची, एक माझी. “ये गो, आपली दोघींची न्याहारी,” म्हणून हाक मारायच्या. मी गोळी जिभेखाली दाबायची, वर पाणी प्यायची, हसायची आणि ब्रश करायला म्हणून बेसिनपाशी जायची. नळ मोठा सोडायची. काय म्हणावं या अकलेला?

थायरॉइड सापडलं तीन वर्षांपूर्वी. गोळीनं आकडा छान खाली आला. डॉक्टर म्हणाल्या, आता सहा महिने निवांत प्रयत्न करा. निवांत! लग्नाला सहा वर्षं झालेली, कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आधी “काय गं, गुड न्यूज कधी?” हे कानावर पडायचं. नवरा म्हणायचा, सोड ना, होईल तेव्हा होईल. आईंनी तर एका शब्दानं कधी विचारलं नाही. पाचव्या महिन्यात पाळी आली त्या दिवशी मी शाळेच्या बाथरूममध्ये ढसाढसा रडले. त्या संध्याकाळी एका मैत्रिणीनं ग्रुपची लिंक पाठवली.

मूल हवं असणाऱ्या बायकांचा नव्वद दिवसांचा कोर्स होता. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये, क्लबहाउसच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही पंधरा-वीस जणी जमायचो. पाळीचे पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. ओटीपोटावर एरंडेलात भिजवलेल्या कापडाची घडी. प्राणायाम. साखर बंद, मोबाइल लवकर बंद. सकाळी बियांच्या वाटीचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. झोप लागायला लागली. तिथे कुणी गुड न्यूज विचारत नव्हतं, आणि रडणाऱ्या बाईला कुणी “रडू नकोस” म्हणत नव्हतं.

पण कोर्स घेणाऱ्या मॅडम सारखं एक वाक्य बोलायच्या. “गोळी म्हणजे कुबडी. कुबडी टाकल्याशिवाय शरीर चालायला शिकणार कसं?” गोळी सोडणारीच्या नावापुढे ग्रुपवर तारा लागायचा. मुलांच्या वह्यांवर तारे देणारी पस्तिशीची बाई मी, आणि त्या ताऱ्यासाठी हुरळले. पहिले काही आठवडे काहीच बिघडलं नाही, तेव्हा तर मला मॅडमचं अगदीच पटलं.

घरी सांगितलं असतं तर आई ओरडल्या नसत्या. शांतपणे समजावलं असतं, आणि तेच मला नको होतं.

नव्वदाव्या दिवशी प्रत्येकीनं अनुभव लिहायचा होता. माझी पाळी तीन महिन्यांत एकदाच आलेली. अंगठी बोटात जात नव्हती, वर्गात आवाज फुटत नव्हता. पण सगळ्या जणी भरभरून लिहीत होत्या, मी एकटी नापास कशी होणार? मी लिहिलं, “थायरॉइडची गोळी सोडली. पाळी घड्याळासारखी नियमित झाली.” खाली बियांची वाटी घेऊन हसरा फोटो आणि नावापुढे विज्ञान शिक्षिका. मॅडमनी तो मजकूर जिकडेतिकडे पाठवला.

मग पाळी यायचीच थांबली. आशेनं किट आणलं, ते निगेटिव्ह. नवऱ्यानं आणि आईंनी मिळून मला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तिथे विचारल्यावर मी “घेते” म्हणाले, त्यांनी डोस वाढवला आणि मी वाढवलेला डोसही थुंकला. आता गोळी गिळायला लागले तर चार महिने वाया गेल्याचं कबूल करावं लागेल, असं काहीतरी डोक्यात होतं. नीट सांगताही येत नाही.

तर त्या दिवशी एंडोस्कोपीची चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. समोरची एक मुलगी सारखी माझ्याकडे बघत होती. वर्तकनगरची, हे नंतर कळलं; असेल अठ्ठावीसची. ती उठून जवळ आली.

“ताई, तुम्ही त्या सायन्स टीचर ना? बियांच्या वाटीचा फोटो? तुमचं वाचून मी पण थायरॉइडची गोळी सोडली. आणि बघा ना, दोन महिने झालेत मला!” एवढं बोलून ती माझ्या पाया पडायला वाकली.

पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते. मेंदूच्या वाढीला लागतं ते सगळं ते आईकडून घेतं. हिच्याकडे द्यायला काही नव्हतं.

“इथे सांगितलंस, गोळी सोडल्याचं?”

“छे! कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांशी वाद घालायचा नाही.”

शेजारी आई बसल्या होत्या. त्यांना उठून जायला सांगावं असंही क्षणभर मनात आलं, हेही लिहिते. मग म्हणाले, “मी लिहिलेलं खोटं आहे. माझी पाळी बंद झालीय. सहा महिने गोळी थुंकून टाकतेय मी. तू आत्ता आत चल.” तिचं मनगट धरलं आणि नंबर नसताना केबिनमध्ये घुसले. सिस्टर मागून ओरडत होत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “आधी हिचं रक्त घ्या,” त्या सिस्टरना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “बिया खा, चाला, प्राणायाम करा, मी कधी नको म्हटलं? पण तुमच्या खोट्यावर मी डोस वाढवत होते. उद्या तो खरोखर घेतला असतात तर हृदयावर ताण आला असता. मला फक्त खरं सांगत जा.”

कोपरला रिक्षातून उतरताना आई एवढंच म्हणाल्या, “मी छातीठोकपणे सांगत होते गो तिथे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी नव्हती. टेबलावर माझी बाटली होती, आणि आईंनी त्यांची गोळी एकटीनं घेऊन टाकलेली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं. दहा मिनिटांत मला काढून टाकलं. माझा हसरा फोटो अजून कुठे कुठे फिरत असेल, म्हणून हे इथे लिहिलंय. तुम्हाला तो मिळाला असेल तर तो खोटा आहे. बिया खायच्या तर खा, मीही खाते. फक्त काय घेता आणि काय सोडलंत, ते डॉक्टरांना सांगा.

आता माझं टीएसएच तीनवर आलंय. पाळी येते. गुड न्यूज नाही. त्या मुलीला सातवा लागलाय. दर तपासणीनंतर तिचा मेसेज येतो, “रिपोर्ट नॉर्मल.” पुढे ताई वगैरे काही नसतं. तो येईपर्यंत मला घास गोड लागत नाही.

गेल्या सोमवारी उठले तर टेबलावर वाटी होती, आणि वाटीत दोन गोळ्या. आई समोर बसलेल्या. मी माझी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि त्यांच्यासमोर तोंड उघडून जीभ वर उचलून दाखवली.

त्यांनी मान फिरवली. “मिट ते तोंड. मी काय पोलीस आहे?” म्हणाल्या आणि स्वतःची गोळी घेतली.

माझ्या गोळीनंतर अर्धा तास चहा चालत नाही. आई त्यांचा टाकून घेऊ शकल्या असत्या. पण त्या उठल्या नाहीत. अर्धा तास दोघी तशाच बसून राहिलो.