खड्ड्यातली खरवड

आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातलंही शेवटचं वर्ष धाकट्या भावाला सांभाळण्यात गेलं. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, म्हणून जिथं जागा मोकळी दिसेल तिथं वेलांटी देते. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. वही मुलीची, उरलेली पानं माझी. कुणी वाचणार नाही, पण माफी मागून ठेवलेली बरी.

गेल्या थंडीत लोणंदच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या पडीक रानात शिकलेली माणसं खणायला आली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचा एक खड्डा तिथं सापडला होता. मी आणि माझी थोरली जाऊ मजुरीला लागलो. एवढी माणसं ब्रशनं माती झाडत बसलीत म्हणजे खाली सोनं असणार, असं मला वाटलं. निघाली राख, हाडं आणि फुटकी खापरं.

"उकिरडा हाय गं ह्यो," जाऊ म्हणाली. "आपला उकिरडा कवा कुनी ब्रशनं झाडलाय?"

कामावरच्या मुख्य बाई माझ्याच वयाच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. माझ्या तोंडून तो शब्द निघेना, म्हणून मी काहीच म्हणायची नाही. काही सांगायचं असलं की जवळ जाऊन उभी राहायची, त्या वळून बघेपर्यंत.

मला खड्ड्यातली माती चाळून मणी वेचायचं काम दिलं होतं. एक दिवस मॅडमनी माझी ताटली बघितली.

"हे काय वेचलंय, ताई?"

"मणी."

"ही शेळीची लेंडी आहे. कालची."

जाऊ हसून हसून खाली बसली. जवळचं दिसत नाही हे मला कबूल करावं लागलं. मॅडमनी स्वतःच्या पर्समधून चष्म्याला आठशे रुपये दिले. दर आठवड्याच्या पगारातून शंभर कापायचे ठरले. लोणंदहून चष्मा घेऊन घरी आले, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघराच्या भिंती पहिल्यांदा नीट दिसल्या. चष्मा काढून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात माझ्याकडं खापरं धुवायचं काम आलं. साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, हळू. एक मोठं खापर मात्र चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं होतं. आतून करपलेलं, तळाला काळी खरवड चिकटलेली. चष्मा नसता तर दिसलीही नसती.

माझ्या सासूनं एकदा माझं करपलेलं पातेलं पाहुण्यांच्या घोळक्यात फिरवून आणलं होतं. तेव्हापासून करपलेलं भांडं दिसलं की माझा हात थांबत नाही. चिठ्ठी वाचायला हवी होती. मला वाटलं, कुणाला निघालं नाही म्हणून सोडून दिलंय. जेवणाच्या सुट्टीत मी घरून आणलेली चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसले आणि खापर असं घासलं की सासू असती तर गप्प झाली असती. वर ते नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं, शाबासकी मिळेल म्हणून.

मॅडमनी खापर उचलून उजेडाकडं धरलं.

"कशानं घासलंत?"

"राखेनं."

"कुठल्या राखेनं?"

"आमच्या चुलीतल्या."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, आवाज न चढवता, ते जास्त लागलं. ती खरवड तपासायला पाठवायची होती. त्या लोकांनी भांड्यात काय शिजवलं ते त्यातून कळलं असतं. "ज्या बाईनं ह्यात रांधलं, तिचं जेवण तुम्ही धुऊन टाकलंत, ताई."

तीन हजार वर्षांत करपलेल्या भांड्यावरून तिला बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. मी भेटले.

चष्म्याचे सातशे अजून द्यायचे होते. घरी धाडलं तर कुठून देणार? आणि खरं सांगायचं तर मला तो उकिरडा सोडवत नव्हता. मॅडमनी धाडलं नाही. फक्त म्हणाल्या, "पुन्हा काही घासायचं नाही."

मी इतकी घाबरले की घरचीही भांडी दोन दिवस मुलीनं घासली.

दोन आठवड्यांनी खड्ड्याच्या तळाशी माती झाडताना बोटाला एक कड लागली. बघायच्या आधीच ओळखली. ते खापर मी इतकं घासलं होतं की त्याची प्रत्येक कड हाताला पाठ होती. हे त्याचंच दुसरं अर्धं. आतून काळं, खरवड जशीच्या तशी. हाक मारायची तर मॅडम म्हणावं लागणार होतं. दोन्ही हात त्यावर धरून अंड्यावरच्या कोंबडीसारखी बसून राहिले.

शेवटी जाऊच ओरडली, "आवं मॅडम, हिनं कायतरी धरलंय, सोडंना झालीया!"

मॅडम धावत आल्या. आधी माझ्याकडं बघितलं, मग खापराकडं.

"घासलं नाही ना?"

"न्हाई, मॅडम. फुंकर बी मारली न्हाई."

शब्द निघाला एकदाचा. दोन्ही अर्धी जुळवली तर कडेला कड बसली. एक काळं, एक लखलखीत. त्याचा फोटो काढला. माझा हातही त्यात आलाय, म्हणतात. खरवड तपासायला गेली. बाईनं काय शिजवलं होतं ते अजून कळलेलं नाही. करपवलं होतं एवढं मला पक्कं माहीत आहे.

आठव्या पगाराला मॅडम म्हणाल्या, "शेवटचे शंभर राहू द्या, ताई. त्या खापरात फिटले."

मला हो म्हणायचं होतं. पण एक खापर मी बिघडवलं होतं आणि एक सापडवलं होतं, त्याचा हिशेब आपसातच मिटला. चष्मा वेगळा. हे सगळं बोलता आलं नाही, म्हणून नोट टेबलावर ठेवली आणि उभी राहिले. मॅडमनी हसून पगाराच्या वहीत माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडं वळवली. मी चष्मा लावून वाचलं. आठशे, पूर्ण फिटले.