इंग्रज अय्याच्या दोन बायका

आमचे अप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. गावात त्यांना अय्या म्हणत. बारशापासून मातीपर्यंत सगळं त्यांच्या हातून व्हायचं आणि उरलेल्या वेळात ते ज्वारीचं रान कसायचे आणि बांधावरून शेजाऱ्याशी भांडायचे. बांधाचा तो कोर्टातला दावा माझ्यापेक्षा वयानं मोठा होता.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मावशीकडे राहून प्री-डिग्री करत होते. परीक्षा तोंडावर आली आणि अप्पा आले. टेकायच्या आधीच म्हणाले, "बास की आता. पोरीच्या जातीला एवढं लई झालं."

मला पुढे शिकायचं होतं, अगदी वेड्यासारखं शिकायचं होतं. मावशीनं चहा पुढे केला. "दाजी, इंग्रजी कसं वाचती ते एकदा ऐका तरी."

मी तोऱ्यात पुस्तक उघडलं. धडा होता तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पाद्र्याचा. म्हटलं, "अप्पा, ह्यो बी अय्याच. जमीनवाला." अप्पा सावरून बसले. त्याचं शेजाऱ्याशी बांधावरून भांडण होतं म्हटल्यावर तर ते चहा विसरले. "बराबर हाय त्याचं. शेजारी हितूनतितून सारखेच."

मी हवेत. पुढच्या ओळीत त्याच्याकडे दोन 'लिव्हिंग' होत्या असं लिहिलेलं. लिव्हिंग म्हणजे जिवंत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. न अडखळता सांगितलं, "त्याला दोन बायका हुत्या. दोन्ही जिवंत."

"दोन? आन् पूजा करतो?"

"व्हय. एक ह्या गावात, एक त्या गावात. दोघींच्या कमाईवर जगायचा." मी काही पदरचं घालत नव्हते, छापलेलंच तसं होतं.

अप्पांनी कपबशी खाली ठेवली, उपरणं झटकलं. "ह्ये शिकायला ठेवलीया व्हय पोरगी? सामान बांध. परवा न्यायला येतो." आणि निघालेच.

मी तशीच मागच्या गल्लीत आमच्या इंग्रजीच्या सरांच्या घरी धावले. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, लिव्हिंग म्हणजे चर्चची नेमणूक! आपल्याकडच्या देवळाच्या वतनासारखं. जमिनीच्या उत्पन्नासकट."

मावशीच्या यजमानांची दांडीची सायकल अंगणात होती. पदर खोचला आणि सुटले. नेमका गिरणीचा भोंगा झालेला, सगळा रस्ता सायकलींनी भरलेला. घंटी वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला. स्टँडवर पोचले तर अक्कलकोटची गाडी हलत होती. अप्पा खिडकीशी. सायकल आडवी टाकून मी गाडीबरोबर पळत सुटले आणि जीव खाऊन ओरडले, "अप्पाऽऽ! बायको येकच हुती!"

सगळी गाडी अप्पांकडे बघायला लागली. शेजारची बाई अंग चोरून बसली. कंडक्टरनं घंटी मारली. "अय्या, उतरा. आदी घरचं मिटवा की."

अप्पा लालबुंद होऊन उतरले.

"वतन हुतं, अप्पा! बायका न्हाईत. दोन गावांचं वतन!"

"दोन गावांचं?" त्यांच्या आवाजात आता आदर होता. "यप्पा! हितं येकाच गावाचं हाय, त्येबी धड न्हाय." आणि त्यांना हसू फुटलं. मग मलाही. आम्ही बापलेक स्टँडच्या खांबाला धरून हसत होतो आणि लोक आम्हाला वळसा घालून जात होते. अप्पांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूही येत होतं.

एकदम ते थांबले. "आन् बांधाचं? निकाल कुणाकडं लागला?"

धडा त्याच्या आधीच संपत होता. "ह्यात न्हाय, अप्पा. पुडच्या पुस्तकात असंल तर असंल."

"मग वाच की पुडचं," अप्पा म्हणाले. "निकाल लागल्याबिगर दावा सोडत्यात व्हय?"

बी.ए.लाही तो निकाल सापडला नाही. अप्पांनी मला एम.ए.ला घातलं.